जुना ॲम्प्लिफायर घ्यायचा तर

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत गेल्या वर्षी नवीन साउंड सिस्टीम बसली. मिनारावरचे भोंगे उतरले, आतल्या भिंतींना चार लहान बॉक्स लागले आणि जुना ॲम्प्लिफायर वजूखान्याशेजारच्या खोलीत गुंडाळलेल्या चटयांवर जाऊन पडला. एक दिवस असरच्या नमाजनंतर ट्रस्टींपैकी एक चाचा मला म्हणाले, "तू जुना ॲम्प्लिफायर शोधतोयस म्हणे. हा घेऊन जा. मशिदीच्या पेटीत दोन हजार टाक, बस. इतका दमदार माल नेवाशात दुसरा मिळायचा नाही."

मी शोधत होतो हे खरं. अम्मीच्या लोखंडी पेटीत अब्बांच्या चौदा कॅसेट आहेत. अब्बा ऐंशीच्या दशकात कामासाठी सौदीत होते. फोन महाग, शिवाय आमच्या घरी फोन नव्हताच. पत्र लिहायचं तर अम्मीला ते दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागे, आणि नवऱ्याचं पत्र दिराकडून वाचून घेण्यात काय मजा! म्हणून अब्बा टू-इन-वनसमोर बसून बोलायचे आणि सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या हाती ती कॅसेट पाठवायचे. त्या काळी आखातात गेलेल्या कितीतरी घरांत अशा बोलक्या चिठ्ठ्या आल्या असतील. आमच्याकडच्या उरल्या, एवढंच. अब्बा आता नाहीत. कॅसेट डेकचे पट्टे बदलून मी तो चालू करून घेतला, एका मित्राने त्याचे जुने दोन स्पीकर दिले. मधली कडी राहिली होती ती ॲम्प्लिफायरची.

हे मी चारचौघांत बोललो, तेव्हा प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: किती वॉटचा घेणार?

मला वाटतं आपली सगळी गडबड या प्रश्नापासूनच सुरू होते. ऐंशी-नव्वदच्या दशकांत टेपरेकॉर्डरच्या खोक्यांवर 'पीएमपीओ' नावाचे आकडे छापलेले असत, हजार वॉट, दोन हजार वॉट. त्या आकड्याला काडीचा अर्थ नव्हता, पण तो आपल्या डोक्यात बसला तो बसलाच. खरा आकडा आरएमएसचा, म्हणजे मशीन सतत जेवढी ताकद देऊ शकतं तेवढी. आणि तीही आपल्या कल्पनेपेक्षा फार थोडी लागते. साधा घरगुती स्पीकर एका वॉटवर एक मीटर अंतरावर साधारण 87 डेसिबल आवाज देतो. दोन माणसं समोरासमोर बोलतात तो आवाज साठेक डेसिबल. दहा बाय बाराच्या खोलीत मन लावून गाणं ऐकायला 75 डेसिबल पुष्कळ झाले, त्याला एक वॉटसुद्धा लागत नाही. मग तीस वॉट कशाला? तर तबल्याची थाप किंवा ताण घेतलेला स्वर क्षणभर सरासरीच्या वीस डेसिबल वर जातो, आणि वीस डेसिबल म्हणजे शंभरपट ताकद. त्या क्षणापुरती ती हाताशी असली पाहिजे. म्हणून तीस-चाळीस वॉट. त्यापुढे तीसचे साठ केलेत तर कानाला फरक पडतो फक्त तीन डेसिबलचा. पैसे दुप्पट, फरक चिमूटभर.

नेवाशात वापरलेला ॲम्प्लिफायर म्हटलं की पहिल्यांदा मंडपवाल्यांचा माल पुढे येतो. लग्नसराई, हरिनाम सप्ताह, गणपती, उरूस, निवडणुका. साउंडवाल्यांचा धंदा इथे बारमाही आहे आणि दर दोन-तीन वर्षांनी त्यांना मोठं मशीन लागतं. जुनं विकायला निघतं. नेवासा फाट्यावरच्या एकाने मला दोन चॅनेलचं, दर चॅनेलला चारशे वॉटचं मशीन दाखवलं. माल खरा होता, आकडाही खरा होता. पण हा शुद्ध पॉवर ॲम्प. त्यात डेक, मोबाइल, रेडिओ यांतून निवडायचं बटण नाही, बास-ट्रेबल नाही. त्याच्या आधी मिक्सर किंवा प्रीॲम्प जोडावा लागतो. आणि मागे पंखा. मैदानात तो पंखा कोणाला ऐकू येतो? आमच्या खोलीत मात्र मशीन चालू केल्याबरोबर पिठाची गिरणी शेजारी आल्यासारखं वाटलं. अब्बा कॅसेटमध्ये हळू बोलतात, खोलीत इतर कामगार झोपलेले असायचे म्हणून. त्यांच्या आवाजावर पंख्याची घरघर मला नको होती. ज्याला घरात शांतपणे ऐकायचं आहे त्याने डीजेचं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नये, असं माझं स्वच्छ मत आहे. पंखा बदलून हळू फिरणारा बसवता येतो, लोक बसवतातही. पण मग उष्णतेचं गणित बिघडतं. ज्याला ते कळतं त्याने करावं.

मशिदीच्या मशीनचा प्रश्न वेगळा होता. हा वर्ग आपल्याला जन्मापासून माहीत आहे. मशीद, देऊळ, शाळा, बाजार समिती, कुठेही जा, कपाटात असा एखादा ॲम्प्लिफायर असतोच. दिल्लीच्या अहुजा कंपनीने 1940 पासून हा धंदा करत देशभर ही यंत्रं पोहोचवली आणि त्यांच्या टिकाऊपणाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. पण ती बनली आहेत माणसाचा आवाज लांबवर पोहोचवण्यासाठी. एक तर ती बहुधा मोनो असतात. स्टिरिओसाठी दोन घ्यावी लागतील. दुसरं म्हणजे मागच्या पट्टीवर 4, 8, 16 ओहमच्या शेजारी 70 आणि 100 व्होल्ट असे स्क्रू असतात. ते लांबच्या तारेवर अनेक भोंगे जोडण्यासाठी, आणि त्या प्रत्येक भोंग्यापाशी लहान ट्रान्सफॉर्मर असतो. घरचा 8 ओहमचा स्पीकर चुकून 100 व्होल्टच्या स्क्रूला लावलात तर आवाज वाढवताच त्याची कॉइल जळेल. कोणी असं मशीन घेतलंच, तर त्या दोन स्क्रूंवर आधी चिकटपट्टी लावावी.

आता तुम्ही म्हणाल, अब्बांची कॅसेट तर मोनोच असणार, एका माइकवर भरलेली. बोलण्याच्या आवाजासाठीच बनवलेलं मशीन मग वाईट कुठे? मलाही तेच वाटलं. चाचांना म्हटलं, दोन दिवस घरी लावून बघतो. यंत्रावरचं कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलं होतं. चालू केल्यावर आवाजाचं बटण शून्यावर असतानाही खर्जात एक घुंई येत होती. पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर पंचवीस-तीस वर्षांत आतून सुकतात, त्याचं हे लक्षण. यात कोणाचा दोष नसतो, वय असतं. आठशे-हजारात ते बदलून झाले असते. पण मी कॅसेट लावली आणि अब्बा बोलायला लागले, तेव्हा अम्मी स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि उभीच राहिली. म्हणाली, "बंद कर ते. एलान केल्यासारखं वाटतंय."

ती का म्हणाली ते मला थोड्या वेळाने कळलं. आमच्याकडे कोणाचा इंतकाल झाला की मशिदीतून एलान होतो: अमुक अमुक यांचे वडील, जनाजा अमुक वाजता. अब्बांचा एलान याच मशीनवरून झाला होता.

मशीन परत केलं. पेटीत शंभर रुपये टाकले, दोन दिवसांचं भाडं म्हणून. चाचांनी कारण विचारलं, मी म्हटलं घुंई येते.

इथे थोडं विषयांतर. भोंग्यांवरून गेली काही वर्षं महाराष्ट्रात जे चाललं आहे त्यात आवाज हा मुद्दा कमी आणि कोणाचा आवाज हा मुद्दा जास्त आहे. पण म्हणून आवाजाचा मुद्दा खोटा ठरत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की भोंगा हा कुठल्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. ज्ञानेश्वरांनी याच नेवाशात, पैस खांबाला टेकून, 1290 साली गीता सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. तिथे मंडपवाला नव्हता. आपली अजानही शेकडो वर्षं नुसत्या गळ्यावर चालली. आमच्या मशिदीने भोंगे उतरवले ते मला बरोबर वाटलं. फक्त हाच कान लावून सप्ताहाचे आणि मिरवणुकीचे बॉक्सही मोजले जावेत, एवढी अपेक्षा ठेवली तर ती जास्त नाही.

तर, मशीन. उरला तिसरा वर्ग, घरगुती जुना स्टिरिओ ॲम्प्लिफायर. याला बाजारात इंटिग्रेटेड म्हणतात, म्हणजे पॉवर ॲम्प आणि त्याच्या आधीचा भाग एकाच डब्यात. आयातीवर जबर कर होता त्या काळात आपल्याकडे कॉस्मिक, कोलकात्याची सोनोडाइन, नॉर्ज अशा कंपन्यांनी चांगली यंत्रं बनवली. जपानी माल आखातातून, बोटीवरच्या लोकांकडून आला. आज तो पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी कधी दिसतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या आसपास, चोर बाजारात दिसतो. आणि आता मोबाइलवर फोटो बघून लोक न ऐकताच घेतात. ते करू नका. मी केलं आहे. पहिला ॲम्प्लिफायर मी एका शहरातल्या दुकानदाराकडून फोटोवर घेतला. पुढच्या पट्टीवर झोकात लिहिलं होतं, 200 अधिक 200 वॉट. घरी आल्यावर उचलून बघितला तर तो एका हातात येत होता. मागे बारीक अक्षरात वीज वापर लिहिला होता: 90 वॉट. नव्वद वॉट खाणारं यंत्र चारशे वॉट ओकणार कसं, हे मी पैसे देण्याआधी विचारायला हवं होतं.

तेव्हापासून माझा पहिला नियम: पुढची पट्टी वाचायची नाही, मागची वाचायची. वीज वापर किती आणि फ्यूज किती अँपिअरचा, हे दोन आकडे सहसा खोटं बोलत नाहीत. मग वजन. खरी ताकद ट्रान्सफॉर्मरमधून येते आणि जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंड आणि तांबं. तीस-चाळीस वॉटच्या जुन्या चांगल्या यंत्राचं वजन सहा-सात किलोच्या आसपास भरतं.

आखातातून आलेलं यंत्र असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघा. सौदीत तेव्हा घरगुती वीज 127 व्होल्टची होती, त्यामुळे तिकडच्या यंत्रांना 110, 127, 220, 240 असा फिरवायचा खटका असे. तो 127 वर असताना आपल्या प्लगला लावलात तर खेळ संपला. जपानमधल्या बाजारासाठी बनलेलं यंत्र शंभर व्होल्टचं असतं आणि त्याला खटकाच नसतो. त्याला वेगळा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. आमच्याकडे पंप सुरू झाले की व्होल्टेज 180 वर येतं आणि मध्यरात्री 250 च्या पुढे चढतं, त्यात ही आणखी एक कटकट कोणी घ्यावी?

बाकी तपासणी मला आमच्या मिस्त्रीकाकांनी शिकवली. ते टीव्हीच्या कारखान्यात काम केलेले, आता नेवाशात छोटं दुकान चालवतात. त्यांनी दोन वस्तू बरोबर न्यायला सांगितल्या, मल्टिमीटर आणि सिरीज बल्बचा बोर्ड. यंत्र थेट प्लगला लावायचं नाही, शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बमधून लावायचं. बल्ब एकदा भक्कन पेटून मंद झाला तर ठीक, भगभगत राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे. चार-पाच सेकंदांनी रिलेचा टक् असा आवाज आला पाहिजे. बहुतेक चांगल्या यंत्रांत तो असतो. त्यानंतर, स्पीकर न जोडता, दोन्ही बाजूंच्या टर्मिनलवर डीसी मोजायचा. 50 मिलिव्होल्टच्या आत असेल तर पुढे बोलणं करायचं. आकडा व्होल्टमध्ये आला तर विक्रेत्याशी चहा प्यायचा आणि घरी यायचं, कारण तो डीसी तुमचा स्पीकर जाळणार. अर्धा तास वाजवून दोन्ही बाजू हाताने बघायच्या, सारख्याच कोमट हव्यात. बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ती धूळ असते, फवाऱ्याने जाते. पण विक्रेत्यासमोर चेहरा मात्र घाबरल्यासारखा ठेवा, पाचशे रुपये कमी होतात.

काकांचं सगळ्यात मोलाचं बोलणं मात्र वेगळंच होतं. मी त्यांना एका जपानी यंत्राचा फोटो दाखवला. सुंदर होतं, चांदीसारखी पट्टी, निळे काटे. त्यांनी आत काय आहे ते विचारलं. एसटीके, मी म्हटलं. ते म्हणाले, "मग नको. ओरिजिनल एसटीके आता बनत नाही. बाजारात मिळतो तो डुप्लिकेट. गेला की हे यंत्र शोकेसमध्ये. ट्रान्झिस्टरवाला घ्या. 3055 असेल तर उद्या बदलून देतो, 5200-1943 ची जोडी असेल तर तीही, पण ती खरी कुठे मिळते ते मी सांगेन. ट्रान्सफॉर्मर जळला तर मोटार रिवायंडिंगवाला भरून देईल." उसाच्या आणि विहिरींच्या या तालुक्यात मोटार भरून देणारे गल्लोगल्ली आहेत. तेच लोक तांब्याची तार मोजून ट्रान्सफॉर्मरही भरतात.

मला वाटतं जुना ॲम्प्लिफायर निवडण्याची खरी कसोटी हीच आहे. तो तुमच्या गावात दुरुस्त होतो का? पुण्या-मुंबईचे शौकीन लोक ज्या नावांवर भांडतात ती नावं वाईट नाहीत, पण नगर आणि संभाजीनगर दोन्ही तास-दीड तासावर असलेल्या गावात ते नाव बिघडलं की नुसती शोभेची वस्तू होतं. जो माणूस तो उघडणार आहे त्याला आधी विचारा आणि मगच विक्रेत्याला फोन करा.

शेवटी जो घेतला तो साडेसहा हजारांचा, पस्तीस वॉटचा, ट्रान्झिस्टरवाला. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर वाचक तेवढाच शोधत बसतील. घेण्याआधी मी त्यावर अब्बांची कॅसेट लावली नाही, ती परक्याच्या दुकानात लावण्यासारखी नाही. तंबोरा लावला. ज्याला ॲम्प्लिफायर पारखायचा आहे त्याने ढोल-ताशे आणि बास सोडून मिरजेच्या तंबोऱ्याचं ध्वनिमुद्रण न्यावं. तिथल्या सतारमेकर कारागिरांनी, जे बहुतेक आपलेच मुस्लिम बांधव, घोडीवर जी जवारी काढलेली असते तिच्यामुळे एका तारेतून स्वरांचा एक पंखा उलगडतो. वाईट यंत्रात त्याचा भुंगा होतो. चांगल्या यंत्रात, अगदी हळू आवाजातही, चारही तारा वेगळ्या कळतात. हळू आवाजात, हे महत्त्वाचं. मोठ्या आवाजात सगळीच यंत्रं बरी वाटतात.

तंबोरा म्हटल्यावर घरात तो दुसरा प्रश्न आलाच. माझा एक मावसभाऊ म्हणाला, वालिदसाहेबांचा आवाज ऐक, पण गाण्यासाठी एवढा खर्च कशाला, ते जायज आहे का? मी वाद घातला नाही. इमाम गझालींनी समाअवर एक पूर्ण प्रकरण लिहिलं आहे, आणि समाअमध्ये रमणारे बुऱ्हानुद्दीन गरीब इथून जवळच खुलताबादला विसावले आहेत. ज्याला बोलायचं त्याने तिथून सुरुवात करावी. घरात कव्वाली आणि खयाल लागतात. नमाजच्या वेळी बंद होतात. शेजारच्या मुलीची दहावी होती तेव्हा तर आठ-आठ दिवस लागले नाहीत.

एका गोष्टीत माझं मत बदललं. शौकीन मंडळी सांगतात की बास-ट्रेबलची बटणं नसलेलं यंत्र उत्तम, आवाज जसा आहे तसा यावा. मीही तेच म्हणत होतो. पण अम्मी आता सत्तरीत आहे, तिला वरचे स्वर कमी ऐकू येतात. स, श, फ तिच्यासाठी पुसट झालेत. पहिल्या दिवशी तिने कॅसेट ऐकली आणि म्हणाली, हे तोंडात पान धरून बोलल्यासारखे बोलतायत, ते तर पान खात नव्हते. मी ट्रेबल थोडा वाढवला. मग आणखी थोडा. कॅसेटची सरसर वाढली, मला ती बोचायला लागली, पण अम्मी एकदम म्हणाली, "हां. बस."

त्या जागी तिने पेन्सिलने बारीक रेघ मारून ठेवली आहे. माझा शौकीन मित्र आला की बटण सरळ मध्यावर आणतो. तो गेला की अम्मी चष्मा लावते आणि रेघेवर आणून ठेवते.